अठरा मजली इमारत लाकडावर कशी उभी राहते?

घरात स्वयंपाकघराचं काम चालू होतं, तेव्हा सुतारकाकांनी कापून बाजूला टाकलेला प्लायचा एक तुकडा मी उचलून ठेवला. 19 मिलिमीटर जाडीचा, तळहाताएवढा. त्याची कापलेली कड उजेडात धरली की फिका, गडद, पुन्हा फिका, पुन्हा गडद असे पट्टे दिसतात. मी मोजले, तेरा निघाले. एका थरातले रेषे उभे आणि लगेच खालच्या थरातले आडवे, म्हणून हा रंगांचा खेळ. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे, कारण लाकडी टॉवरचा विषय निघाला की मी आधी तोच पुढे करते.

विषय निघतोच. नॉर्वेत म्योसा सरोवराच्या काठी ब्रुमुन्डाल नावाचं छोटं गाव आहे. तिथे मार्च 2019 मध्ये ‘म्योसटोर्ने’ ही 18 मजल्यांची, 85.4 मीटर उंचीची इमारत पूर्ण झाली. तिचे खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, वाऱ्याला तोंड देणारे तिरके आधार लाकडाचे, लिफ्टच्या भोवतालच्या भिंतीसुद्धा लाकडाच्या. 2022 मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात ‘असेंट’ ही 25 मजली इमारत झाली. तिचे खालचे सहा मजले काँक्रीटचे आणि त्यावरचे 19 लाकडाचे. अशा इमारतींचे व्हिडिओ आपल्याकडे फिरतात आणि त्याखाली चार प्रश्न हमखास असतात: आग लागली तर? वाळवी लागली तर? पाऊस लागला तर? आणि इतकी झाडं तोडली तर? चारही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी हे लाकूड म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

झाड जेवढं, तेवढीच तुळई

जुन्या वाड्यांत जागा खणांत मोजत. खांबापासून खांबापर्यंतचं अंतर म्हणजे एक खण. माझ्या आजोळी माजघर तीन खणांचं होतं आणि लहानपणी मला वाटायचं की कुणीतरी शोभेसाठी मधे खांब उभे केलेत. शोभेचा प्रश्न नव्हता. सागाचा सरळ, निकोप सोट जेवढा लांब मिळायचा, तेवढाच खण. खोली किती रुंद होणार हे मालक नाही, झाड ठरवायचं.

लाकडाची दुसरी अडचण कुऱ्हाड चालवलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. ओंडका उभा ठेवून घाव घातला की एका फटक्यात फुटतो. आडवा ठेवून तोच घाव घाला, कुऱ्हाड रुतून बसते. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या लांब नळ्यांचा जुडगा. नळ्यांच्या दिशेने ते अतिशय ताकदवान असतं, पण नळ्या एकमेकींपासून विलग करायला फारसं बळ लागत नाही.

तिसरी अडचण पावसाळ्यात दर घरात दिसते. दार फुगून चौकटीत अडकतं. नीट पाहिलंत तर ते रुंदीला फुगलेलं असतं, उंचीला नाही. रेष्यांच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने मात्र ओल पिऊन चांगलंच वाढतं.

आणि चौथी अडचण म्हणजे गाठ. जिथे फांदी फुटली होती तिथे रेषे वळसा घेतात आणि तेवढी जागा कमकुवत होते. अख्ख्या तुळईत नेमकी मधोमध, खालच्या अंगाला मोठी गाठ असेल, तर ती तुळई बेभरवशाची. जुने सुतार लाकूड ठोकून, आवाज ऐकून निवडायचे ते यासाठीच.

कापायचं आणि पुन्हा जोडायचं

या अडचणींवर जो उपाय निघाला तो वरवर उफराटा वाटतो: चांगलं अखंड लाकूड आधी कापून टाकायचं आणि मग चिकटवून पुन्हा एक करायचं. असं पुन्हा बांधलेलं लाकूड म्हणजे इंजिनिअर्ड वुड. इमारतीचा भार पेलणारे त्याचे तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला ग्लूलॅम. फळ्या भट्टीत सुकवतात, साधारण 12 टक्के ओल उरेपर्यंत. प्रत्येक फळी तपासतात, मोठ्या गाठी कापून काढतात आणि उरलेले तुकडे टोकाला टोक जोडतात. हा जोड पाहण्यासारखा असतो. दोन्ही टोकांना दाते कापलेले असतात आणि दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे ते एकमेकांत बसतात. अशा लांबच लांब फळ्या एकावर एक, सगळे रेषे एकाच दिशेने ठेवून, गोंद लावून दाबतात. गोंद सुकला की तुळई तयार. आता तिची लांबी झाडावर अवलंबून नाही, कारखान्याच्या आवारावर आणि रस्त्याच्या वळणावर अवलंबून आहे. एका फळीत गाठ राहिलीच, तर खालची-वरची फळी तिला सांभाळून घेते. ही कल्पना नवी मुळीच नाही. जर्मनीत वायमारच्या ओटो हेट्झर या सुतारकामातल्या उद्योजकाने 1906 मध्ये वाकवलेल्या ग्लूलॅम तुळईचं पेटंट घेतलं होतं.

दुसरा एलव्हीएल. यात फळ्यांऐवजी लाकडाचे सुमारे तीन मिलिमीटरचे पापुद्रे असतात. पेन्सिल शार्पनरमधून निघणाऱ्या सालीसारखा, फिरत्या ओंडक्यावरून सोललेला पापुद्रा डोळ्यांपुढे आणा. तेही बहुतेक एकाच दिशेने चिकटवतात, त्यामुळे हे तुळईचं काम उत्तम करतं.

तिसरा सीएलटी, आणि उंच इमारतींचं खरं गुपित हेच. यात फळ्यांचा एक थर उभा, त्यावरचा आडवा, पुन्हा उभा, असे तीन, पाच किंवा सात थर असतात. म्हणजे माझ्या टेबलावरचा प्लायच, पण पापुद्र्यांऐवजी फळ्यांचा आणि त्याच्या कितीतरी पट जाड. एकेक पाट सुमारे तीन मीटर रुंद आणि 16 मीटर लांबपर्यंत मिळतो. ऑस्ट्रियात, विशेषतः ग्राझच्या तंत्र विद्यापीठात, 1990 च्या दशकात यावर मोठं काम झालं.

उभं-आडवं का? एक वर्तमानपत्र घ्या आणि वरून खाली फाडा. पट्टी जवळजवळ सरळ निघते. आता आडवं फाडा, फाट वेडीवाकडी जाते, कारण रेषे एका दिशेने झोपलेले असतात. आता दोन कागद एकमेकांवर काटकोनात चिकटवलेत, तर सरळ फाटायला कुठलीच दिशा उरत नाही. सीएलटीत प्रत्येक थर शेजारच्या थराची फट अडवतो, आणि त्याचं फुगणंही. आडवा थर ओलीने रुंदीला वाढू पाहतो, पण त्याला चिकटलेल्या उभ्या थराचे रेषे त्याच दिशेने गेलेले असतात आणि ते हलायला तयार नसतात. म्हणून या पाटाची भिंत करता येते, जमीन करता येते, छत करता येते.

दार-खिडक्यांच्या जागा कारखान्यातच संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापलेल्या असतात. जागेवर राहतं ते क्रेनने पाट उचलणं आणि स्क्रूने जोडणं. कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 18 मजली वसतिगृह असंच झालं. काँक्रीटचे जिने-लिफ्टचे गाभे आधी उभे केले आणि मग लाकडी सांगाडा 70 दिवसांच्या आत चढवला.

फर्निचरच्या लेबलवरचं ‘इंजिनिअर्ड वुड’ ते हेच का?

घराणं एक, पण काम अगदी वेगळं. ऑनलाइन मागवलेल्या कपाटावर ‘इंजिनिअर्ड वुड’ लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद, एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतू आणि गोंद. कपाटाच्या फळीला ते चालतं. इमारतीचा भार त्यावर कुणी देत नाही. पाणी लागून पोळीसारखं फुगलेलं एमडीएफचं शटर पाहून ‘हे लाकूड अठरा मजले काय पेलणार’ असं म्हणू नये, इतकंच.

आग

शंका इथे सगळ्यात मोठी असते, आणि पुण्यात तर ती आठवणीतूनच येते. 27 फेब्रुवारी 1828 ला शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती. सागवानी महाल गेले. आज आपण पाहतो ते तट, दरवाजे आणि जोती.

मग जाड लाकूड टिकतं असं तज्ज्ञ कशाच्या जोरावर म्हणतात? याचं उत्तर धुळवडीच्या सकाळी गल्लीत पडलेलं असतं. रात्रभर होळी पेटलेली असते. काटक्या, गोवऱ्या, एरंड सगळ्याची राख होते, पण मधला जाड ओंडका काळा पडून तसाच आडवा असतो. त्याच्यावर कुऱ्हाड घातली तर आत कोरं, पिवळसर लाकूड निघतं. चुलीपुढे बसलेल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे: ओंडका नुसत्या काडीने पेटत नाही.

लाकूड जळताना बाहेर कोळशाचा थर धरतं. कोळसा उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे जळण्याचा वेग मंदावतो आणि मुख्य म्हणजे तो आधी सांगता येतो. ग्लूलॅमसाठी अभियंते हा वेग मिनिटाला सुमारे 0.7 मिलिमीटर धरतात. आता हिशेब करू. म्योसटोर्नेच्या मुख्य सांगाड्याने 120 मिनिटं आगीत तग धरावा, अशी अट होती. 120 गुणिले 0.7 म्हणजे 84 मिलिमीटर. तिचे कोपऱ्यातले सगळ्यात मोठे खांब 1485 बाय 625 मिलिमीटरचे आहेत. चारही बाजूंनी 84 मिलिमीटर जळून गेले, तरी आत 1317 बाय 457 चा खांब उरतो. कोळशाला लागून असलेला काही मिलिमीटरचा तापलेला थरही हिशेबात धरत नाहीत. उरलेल्यावर इमारतीचा भार पेलला गेला पाहिजे, अशी मापं आधीच ठरवलेली असतात. थोडक्यात, जळण्यासाठी लागणारं लाकूड आधीच जास्तीचं घातलेलं असतं. पोलाद जळत नाही, पण 550 ते 600 अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते. म्हणून लाकडाच्या सांध्यांतल्या पोलादी पट्ट्या बाहेर न ठेवता लाकडात खोल चीर पाडून आत लपवतात. तिथे लाकूड पोलादाचं रक्षण करतं.

पण शनिवारवाड्याचे खांबही जाड होतेच, हा आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. जाड लाकूड वेळ देतं, अभय देत नाही. दोन तास मिळाले तर माणसं बाहेर पडतात आणि अग्निशमन दल पोचतं. सात दिवस काहीच विझलं नाही, तर कुठलाच हिशेब चालत नाही. म्हणून अशा इमारतींत फवारे लावतात, मजल्यांच्या आणि घरांच्या मधे आग अडवणाऱ्या भिंती असतात आणि बऱ्याच ठिकाणी लाकडावर जिप्सम बोर्डाचं आवरण देतात. अमेरिकेच्या 2021 च्या आदर्श बांधकाम संहितेत 18 मजल्यांपर्यंत लाकडी इमारतीला परवानगी आहे, पण सर्वांत उंच प्रकारात सगळं लाकूड झाकलंच पाहिजे. जितकं उघडं लाकूड हवं, तितके मजले कमी.

इंग्लंडने उलटी वाट धरली. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या 2017 च्या भीषण आगीनंतर 18 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदी आली आणि सीएलटीच्या बाहेरच्या भिंतीही त्यात अडकल्या. ग्रेनफेल लाकडाची नव्हती. तरी ज्यांनी शेजारी गमावले, त्या शहराला सावध राहण्याचा हक्क आहे असं मला वाटतं.

हलकेपणाचे फायदे, आणि एक तोटा

काँक्रीटचा घनमीटर सुमारे 2400 किलोंचा, तर स्प्रूसच्या (थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाच्या) लाकडाचा साधारण 450 ते 500 किलोंचा. पाचवा हिस्सा. पाया लहान लागतो, ट्रक कमी लागतात आणि भूकंपात हे फार मोलाचं ठरतं, कारण जमीन हलते तेव्हा इमारतीवर येणारं बळ तिच्या स्वतःच्या वजनाच्या प्रमाणात असतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. माळवदाची टनावारी माती आणि दगडाच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या.

लाकडाच्या हलक्या इमारतींच्या भूकंपाच्या परीक्षा खऱ्याखुऱ्या आकारात झाल्या आहेत. 2007 मध्ये जपानमध्ये मिकी इथल्या प्रचंड कंपन-मंचावर सात मजली सीएलटी इमारत हलवून पाहिली. 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रात दहा मजली इमारतीला 1994 च्या नॉर्थरिज आणि 1999 च्या तैवानच्या भूकंपांचे हादरे दिले. तिच्या भिंती तळाशी थोड्या डोलतील आणि पुन्हा सरळ होतील, अशा रचल्या होत्या.

तोटा वाऱ्याचा. हलकी उंच इमारत वाऱ्याने जास्त डोलते. पडत नाही, पण वरच्या मजल्यावरच्या माणसाला मळमळू शकतं. म्हणून म्योसटोर्नेच्या वरच्या सात मजल्यांच्या जमिनी चक्क काँक्रीटच्या केल्या, वजन यावं म्हणून. मला त्या अभियंत्यांचं हे फार आवडतं. ‘संपूर्ण लाकडाची’ म्हणवून घेण्यापेक्षा माणसांची झोप त्यांनी महत्त्वाची मानली.

पाऊस, बुरशी, वाळवी

आपल्या हवेत मला आगीपेक्षा पाण्याची काळजी जास्त वाटते. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी धरू लागते. नॉर्वेत बांधकाम चालू असताना पाट झाकून ठेवतात, ते सुकवतात आणि मगच बंद करतात. कोकणातल्या जूनमध्ये हे करून पाहा. घर पूर्ण झाल्यावरही गच्चीची गळती किंवा न्हाणीघराच्या पाइपचा थेंब सीएलटीच्या थरांत शिरला, तर बाहेरून कळत नाही आणि सुकायला वाट नसते. काँक्रीटचा स्लॅब गळला की खाली डाग दिसतो, पोपडे येतात. जाड लाकूड पाणी मुकाट्याने पीत राहतं.

आपल्या पूर्वजांनी याचं उत्तर शोधलेलं होतं. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करायचा, छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडेल अशी पुढे काढायची. वाळवीला जमिनीतून थेट वाट मिळत नाही आणि लाकडाला वारा लागत राहतो. आजच्या लाकडी इमारतीचा तळमजला बहुतेक वेळा काँक्रीटचा असतो तो थोडाफार याच कारणाने. वाळवीसाठी रासायनिक प्रक्रियाही करतात, पण तळखड्याची जागा ती घेत नाही.

गोंद सुटला तर? सांधा तुटला तर?

हे घडलेलं आहे, आणि लाकडाच्या समर्थकांनी हे झाकू नये. मार्च 2018 मध्ये ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सीएलटीच्या जमिनीचा थर सुटून खालच्या मजल्यावर कोसळला. कुणी जखमी झालं नाही. चौकशीत आढळलं की कारखान्यात दाब देण्याआधीच गोंद सुकू लागला होता. म्हणजे डोळ्यांना अखंड दिसणारा पाट आतून चिकटलेलाच नव्हता.

त्याहून मोठा धक्का नॉर्वेला बसला. म्योसटोर्ने ज्या इनलान्देट प्रांतात आहे, त्याच प्रांतात त्रेट्टेन गावी 2012 मध्ये ग्लूलॅम आणि पोलादाचा पूल बांधला होता. 15 ऑगस्ट 2022 ला सकाळी तो कोसळला. त्यावर एक ट्रक आणि एक मोटार होती. दोन्ही चालक वाचले. दोष निघाला तो सांध्याच्या रचनेत: पोलादी खिळ्यांच्या रांगांभोवतालचा लाकडाचा गठ्ठाच्या गठ्ठा कातरून निघाला. लाकूड कुजलं नव्हतं. कागदावर सांधा जेवढा भक्कम धरला होता, तेवढा तो नव्हता.

म्हणून ‘लाकूड मजबूत की काँक्रीट’ या वादात मला रस नाही. गोंदाची तपासणी कोण करतो आणि सांध्याचा हिशेब दुसऱ्या कुणी पुन्हा तपासला का, हे दोन प्रश्न विचारावेत.

झाडं तोडून पर्यावरण कसं वाचेल?

हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. हिशेब असा मांडतात: सुक्या लाकडाच्या वजनातला साधारण निम्मा भाग कार्बन असतो. 450 किलोंच्या घनमीटरात सव्वादोनशे किलो कार्बन, म्हणजे हवेतून शोषलेला सुमारे 825 किलो कार्बन डायऑक्साइड. इमारत उभी आहे तोवर तो तिच्यात कोंडलेला राहतो. दुसरीकडे, जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सुमारे 7 ते 8 टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

हिशेब बरोबर आहे, पण तीन अटींवर. तोडलेल्या जागी झाड पुन्हा लागलं आणि वाढलं पाहिजे. इमारत पाडल्यावर ते लाकूड जाळून टाकलं, तर कोंडलेलं सगळं परत हवेत जातं. आणि झाडाचा बराच भाग साल, फांद्या आणि भुसा म्हणून जातो, इमारतीत येतच नाही. लागवडीचं लाकूड आणि जुनं जंगल यांत फरक न करणाऱ्या माणसाने ‘हरित इमारत’ म्हटलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. सह्याद्रीतला दीडशे वर्षांचा ऐनाचा वृक्ष तोडून कुठलाच कार्बन वाचत नाही.

आपल्याकडे काय?

सरकारी इमारतींत लाकूड वापरायला केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 मध्ये मनाई केली होती. जंगलतोड थांबावी हा हेतू होता. ती 2020 मध्ये उठवली. मधल्या काळात लाकडाची जागा ॲल्युमिनियम, पोलाद आणि पीव्हीसीने घेतली, आणि लाकडाच्या सांगाड्याचा हिशेब करणाऱ्या अभियंत्यांची एक पिढी तयारच झाली नाही. उत्तरेकडचा स्प्रूस आणून मुंबईत टॉवर उभारणं मला पटत नाही. पण आपला प्लायचा उद्योग शेताच्या बांधावर वाढलेल्या पॉप्लर आणि निलगिरीवर चालतो, हरियाणातलं यमुनानगर त्याचं मोठं केंद्र. बारीक खोडाच्या, लवकर वाढणाऱ्या झाडापासून मोठी तुळई करणं हेच तर ग्लूलॅम आणि एलव्हीएलचं बळ आहे.

आणि बांबू. 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला, शेतकऱ्याला तो तोडायला आणि न्यायला मोकळीक मिळाली. बांबूच्या पट्ट्या तासून, चिकटवून त्याचेही पाट करतात. बेंगळुरू विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं छत अशा बांबूने मढवलेलं आहे. ते मढवणं आहे, भार पेलणं नाही, हा फरक महत्त्वाचा. सिंधुदुर्गातला माणगा जातीचा आणि चंद्रपूर-गडचिरोलीतला बांबू एक-दोन मजली शाळा-दवाखान्यांचा भार पेलताना पाहायला मला कुठल्याही टॉवरपेक्षा जास्त आवडेल.

तोवर आपला संबंध प्लायशी. दुकानात मरीन प्लाय मागितलात, तर पाटावर आयएस 710 हा शिक्का पाहा. त्या मानकात गोंदाची परीक्षा म्हणून तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. आयएस 303 मधला साधा, एमआर दर्जाचा (फक्त हवेतली ओल सोसणारा) प्लाय बैठकीच्या खोलीला ठीक, ओल्या जागेला नाही. आणि शिक्क्यावर थांबू नका, कापलेली कड बघा. थरांच्या मधे फट असेल, तर तिथे गोंदाला धरायला काहीच नव्हतं.

माझ्या टेबलावरच्या तुकड्यात सातव्या थराला अशी एक फट आहे. शिक्का व्यवस्थित होता, पण फटीत माझं नख सहज जातं. सुतारकाकांनी ती आधी पाहिली आणि काही न बोलता मला बोट लावून दाखवली. त्या पाटाचे शटर आम्ही सिंकखाली लावले नाहीत.